डुडेक कोचच्या तोंडापुढची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे आणि मला चावायची सवय आहे. आधीच सांगून ठेवते मित्रांनो, नंतर बोट धरून रडायचं नाही. परीक्षेला कागद अडकवायला तुम्ही पॅड नेता ना, तसलीच मी. फक्त तुमच्या पॅडानं गणितं बघितली, मी मारामाऱ्या बघितल्या.

माझा जन्म अमेरिकेतल्या टोलिडो गावचा. तिथं बोलिंगचं एक जुनं सभागृह होतं. लाकडी पट्टीवरून जड गोळे सोडायचे आणि टोकाचे खुंट पाडायचे, असा तो खेळ. सभागृह पाडलं तेव्हा म्हाताऱ्या काझिमिर डुडेकनं त्या पट्टीतला एक तुकडा कापून घरी आणला. चाळीस वर्षं अंगावरून गोळे गेलेलं लाकूड ते! म्हणून गडगडाटाला मी घाबरत नाही. वर कागद धरायला चिमटा हवा होता, आणि रविवारी दुकानं बंद. म्हाताऱ्यानं स्वयंपाकघरातला उंदराचा सापळा मोडला आणि त्याचा चाप माझ्या डोक्यावर ठोकला. तेव्हापासून मी चावते. आजवर सव्वीस बोटं, तीन अंगठे आणि एका पंचाची मिशी. मिशीचं खोटं वाटतंय? मग त्यानं दुसऱ्या दिवशी ती साफ का काढली, ते सांगा.

म्हाताऱ्यानं मला आपल्या मुलाच्या, लेनच्या हातात दिलं. लेनला नुकतीच नोकरी लागली होती.

"घे," म्हातारा म्हणाला. "कागद उडू देऊ नकोस. आणि तोंड आवर."

लेनची नोकरी म्हणजे बचावाचा कोच. त्यांच्या त्या खेळाचं नाव फुटबॉल, पण पाय लावतात कधीमधी. अंडाकृती चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्याच्या हद्दीत घुसायचं. घुसणारे अकरा, अडवणारे अकरा. घुसणाऱ्यांचे फोटो छापून येतात. अडवणाऱ्यांची आठवण फक्त अडवता आलं नाही तर निघते. लेन अडवणाऱ्यांचा कोच होता. चौतीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही.

आणि माझं काम? कागद धरणं हे तर नावाला. खरं काम तोंड झाकायचं. आमच्या धंद्यात समोरची माणसं दुर्बिणी लावून कोचचे ओठ वाचतात. म्हणून कोच रेडिओवर आपल्या गड्याच्या कानात डाव सांगताना तोंडापुढं काहीतरी धरतोच. कोणी कागद धरतं, कोणी टोपी. लेन मला धरायचा. त्याच्या ओठांपासून मी चार बोटांवर. त्याच्या आंबवलेल्या कोबीचा वास मी चौतीस वर्षं सोसलाय. त्याच्या तोंडून गेलेला प्रत्येक खरा शब्द आधी माझ्या अंगावर आदळलाय, मग जगाला कळलाय.

सवय इतकी लागली की घरीसुद्धा त्याला खरं बोलायचं झालं की हात मला शोधायचा. लग्नाची मागणीसुद्धा त्यानं इरीनला माझ्याआडून घातली. ती म्हणाली, "बाजूला कर ते, कोणाला ऐकू येतंय?" पण तेवढ्यापुरतंसुद्धा त्यानं मला खाली केलं नाही.

आता इरीनचं दुःख ऐका. ह्या धंद्यात संघ हरला की कोचला काढतात. काढलं की गाव सुटतं. चौतीस वर्षांत नऊ गावं झाली. चांगल्या बशा इरीननं कधी खोक्यातून काढल्याच नाहीत. भिंतीत एक खिळा ठोकला नाही. लग्नाचा फोटो चिकटपट्टीनं लावायचा, आणि गाव सुटलं की चर्रकन ओढून काढायचा. दर वेळी ती विचारायची, "लेन, इथं खिळा ठोकू का?" तो उघड्या तोंडानं म्हणायचा, "ठोक की. हे शेवटचं गाव." मी कुठंतरी कपाटावर पडलेली असायची. ती कपाटाकडं बघायची, आणि चिकटपट्टी आणायची.

चौथ्या गावात आमच्याकडं कोलिन रॅडके आला. लेनचा मदतनीस. सहा वर्षं तो इरीनच्या टेबलावर जेवला. हुशार होता, फार हुशार. लेन जे बोलेल ते वहीत. लेननं नाक खाजवलं तरी वहीत. हाताच्या सगळ्या खुणा त्याला पाठ. पोट चोळलं तर सगळ्यांनी पुढं झेप घ्यायची. टोपीला हात लावला तर सगळ्यांनी मागं सरकायचं. पण इरीननं काही गंमत सांगितली की हा मान वर करायचा नाही. गंमत वहीत कुठं लिहायची, ते त्याला कळायचं नाही. मी त्याला दोनदा चावले. दोन्ही वेळा त्यानं तारीख लिहून ठेवली.

पुढं काचेच्या पाट्या आल्या. बोट लावलं की चित्रं हलतात, तसल्या. पोरगेले कोच मला बघून हसायचे. "कोच, तुमच्या आजोबांचा पाट आणलात का?" मग नववं गावही सुटलं, आणि पुढची दोन वर्षं लेनला कोणी बोलावलंच नाही. ती दोन वर्षं मी गाडीच्या डिकीत, बर्फ उपसायच्या फावड्याखाली पडून होते. फावडं स्वभावानं वाईट नव्हतं, पण बोलायला त्याच्याकडं एकच विषय. ओल चढून माझी एक कड फुगली. मला वाटलं, संपलं आता.

आणि मग लेनला बोलावणं आलं ते थेट टोलिडोहून! त्याच्याच गावातून. हे दहावं गाव, आणि पहिलंही. एकसष्टाव्या वर्षी. त्यानं डिकी उघडली, मला कोटाच्या बाहीनं पुसलं, तोंडापुढं धरलं आणि हळूच म्हणाला, "चल, म्हातारे."

टोलिडोच्या बचावाचा म्होरक्या होता लॅव्हॉन प्रिचर्ड. सगळे त्याला प्रिच म्हणत. मिसिसिपीचा पोरगा, इतका रुंद की दारातून दोन हप्त्यांत आत यायचा. रेडिओ त्याच्याच हेल्मेटात. लेन माझ्याआडून बोलायचा, प्रिच ऐकायचा आणि बाकीच्या दहांना सांगायचा.

नोव्हेंबरात टर्कीच्या सणाला इरीननं त्याला जेवायला बोलावलं. मी तिथंच फडताळावर होते. बटाट्याच्या पिरोग्यांचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, ढीग होता. प्रिचनं तो खाल्ला, मग ताट खाल्लं असतं, पण ते खोक्यातलं चांगलं नव्हतं म्हणून वाचलं.

लेन तोंड पुसत म्हणाला, "इरीन, आजच्या पिरोग्या झकास झाल्यात हं."

"बघ कसा खोटं बोलतोय!" इरीन प्रिचला म्हणाली. "मीठ विसरलेय मी."

"मिस इरीन, कोच कशाला खोटं बोलतील?"

"पाटी कुठाय बघ. फडताळावर. हा माणूस खरं बोलतो तेव्हा ती तोंडापुढं असते. पाटी खाली असली ना, की ह्याचं एक अक्षर खरं मानायचं नाही. तेहतीस वर्षं संसार केलाय मी ह्याच्याशी."

प्रिच इतका हसला की टेबल हललं. लेनसुद्धा हसला. मग त्यानं हात लांबवून मला खाली ओढलं, तोंडापुढं धरलं आणि म्हणाला, "अळणी आहेत."

"हं. आता खरं," इरीन म्हणाली.

इथवर हसून झालं असेल तर आता नीट बसा. पुढचं सांगताना माझा चाप अजून थरथरतो.

जानेवारीतली शेवटची मॅच. मालकानं वर्तमानपत्रात जाहीर करून टाकलं होतं की ही हरलो तर सगळे कोच बदलणार. एकसष्टाव्या वर्षी काढलेल्या माणसाला अकरावं गाव मिळत नाही, हे लेनला माहीत होतं. सकाळी निघताना इरीननं काही विचारलं नाही. फक्त सोफ्यामागं घड्या घालून ठेवलेली खोकी त्यानं बघितली. तिनं ती बघू दिली.

समोर लुईव्हिलचा संघ होता. त्यांचे डाव आखणारा कोच कोण असेल? कोलिन रॅडके. मॅचआधी तो हात मिळवायला आला.

"कोच, अजून तीच पाटी?"

"अजून तीच वही?" लेन म्हणाला.

"वही आता डोक्यात असते, कोच."

मी त्याच्या अंगठ्याकडं बघितलं, पण तो चार पावलं लांब उभा राहिला. शिकला होता.

थंडी अशी की गावाशेजारच्या सरोवरावरून आलेला वारा मैदानात शिरताना कॉलर वर करत होता. आमच्या गड्यानं लाथाडलेला चेंडू वर गेला, दमला आणि परत त्याच्याच पायाशी येऊन बसला. तरी आम्ही रेटलं. मॅचचा चौथा आणि शेवटचा भाग संपायला चार मिनिटं उरली, तेव्हा आम्ही वीस आणि ते सोळा. चारच गुण पुढं. ते एकदा जरी आमच्या रेषेपलीकडं घुसले तर सहा गुण त्यांचे, आणि आमचं आवरलं.

तेवढ्यात डोक्यावर डोकं आदळलं. प्रिचच्या हेल्मेटला तडा गेला. दुसरं आणलं, पण त्यातला रेडिओ नुसता खरखरत होता. प्रिचनं कानाकडं बोट करून हात हलवला. काही ऐकू येत नाही.

लेन माझ्यामागं एक वाईट शब्द बोलला. तो मी तुम्हाला सांगणार नाही.

आता उरल्या हाताच्या खुणा. लेननं सवयीनं मला तोंडापुढं धरलं आणि मोकळ्या हातानं टोपीला हात लावला. आमचे गडी मागं सरले. लुईव्हिलवाले त्याच क्षणी मधून घुसले आणि चौदा यार्ड कापून गेले. लेननं पोट चोळलं. आमचे पुढं झेपावले, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून अलगद मागच्या मोकळ्या जागेत. वीस यार्ड. पुन्हा टोपी. पुन्हा मधून.

पलीकडच्या कडेला रॅडके उभा होता. त्याच्या हातात दुर्बीण नव्हती, वही नव्हती. तो फक्त लेनच्या पोटाकडं बघत होता आणि स्वतःच्या रेडिओत बोलत होता. त्याचा रेडिओ ठणठणीत.

"तो मला वाचतोय," लेन माझ्याआडून पुटपुटला. "सहा वर्षं मीच शिकवलं त्याला."

खेळ थांबवायच्या सवलती दोघांच्याही संपलेल्या. घड्याळ पळत होतं. बदली गडी आत धाडायला वेळ नाही, प्रिचला कडेला बोलवायला वेळ नाही. लुईव्हिलवाले धावत येऊन तीन यार्डांवर उभे राहिले. तीन यार्ड म्हणजे किती? तुमच्या वर्गातल्या फळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. चौदा सेकंद. एकच खेळी उरली.

प्रिच वळून लेनकडं बघत होता. सत्तर हजार माणसं ओरडत होती, पण मला लेनचा श्वास ऐकू येत होता.

मग त्यानं मला तोंडाशी इतकं जवळ घेतलं की ओठ लाकडाला टेकले. रेडिओ बंद होता, कोणालाच ऐकू जाणार नव्हतं. तरी तो म्हणाला, "प्रिच, पिरोग्या आठव."

आणि त्यानं मला फेकून दिलं.

चौतीस वर्षांत पहिल्यांदा! मी चिखलात, अर्धवट वितळलेल्या बर्फात तोंडावर आपटले. मागं कोणीतरी ओरडलं, "डुडेकचं डोकं फिरलं!" टीव्हीवरचे बोलके लोकही तेच म्हणाले असतील. आमच्या धंद्यात हरणारा कोच हातातलं काहीतरी फेकतोच. ते बघायची सगळ्यांना सवय असते.

लेन उघड्या तोंडानं मैदानाच्या कडेपर्यंत गेला आणि दोन्ही हातांनी पोट चोळत गरजला, "सगळे पुढे! पुढे! पुढे!" आंधळ्यालाही दिसलं असतं.

रॅडकेनं बघितलं. मी चिखलातून एका डोळ्यानं त्याच्याकडं बघत होते. मित्रांनो, लाकडाला घाम येत नाही म्हणतात, पण मला आला. हा माणूस सहा वर्षं त्याच टेबलावर जेवला होता! इरीन माझ्यावरून ती गंमत तेव्हाही सांगायची. एकदा, एकदा तरी ह्यानं मान वर करून ऐकलं असेल तर?

रॅडकेचे ओठ हलले. त्यानं हात हवेत उचलून चेंडू डोक्यावरून टाकायची खूण केली.

आता सगळं प्रिचवर. तो लेनकडं बघत होता. मग लेनच्या रिकाम्या हातांकडं. मग त्याची नजर खाली आली, चिखलातून सरकत माझ्यापर्यंत. तो माझ्याकडं बघत राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे बाळा, अळणी! अळणी होत्या त्या!

प्रिच वळला. शेजारच्या दोघांच्या पाठीत त्यानं मूठ मारली आणि काहीतरी बोलला. मला ऐकू आलं नाही.

चेंडू सुटला. आमचे पुढचे गडी झेपावले. प्रिचनंही एक पाऊल पुढं टाकलं आणि माझा चाप आवळला गेला. मग तो थांबला. दोन ढांगा मागं आला. लुईव्हिलच्या मुख्य गड्यानं, वर न बघताच, मोकळ्या जागेत चेंडू अलगद सोडला.

जागा मोकळी नव्हती. जागेत प्रिच होता. चेंडू त्याच्या छातीवर असा येऊन बसला, जसं मांजर ओळखीच्या मांडीवर बसतं. तो चेंडू पोटाखाली घेऊन जमिनीवर पडून राहिला, आणि त्याच्यावर बाकीचे दहा जण पडले. घड्याळ शून्यावर आलं.

मग काय! धावपळ, मिठ्या, आरोळ्या. लेनला उचललं आणि नेलं. माझ्यावरून पंधरावीस बूट गेले. एकानं मला कचऱ्याच्या गाडीत टाकायला उचललं. मी चावले. त्यानं सोडलं. मैदान रिकामं झालं, दिवे एकेक करून विझायला लागले, आणि मी तिथंच. फुगलेली कड आता फुटली होती. लेनला माझी आठवण झाली नाही, ह्याचा मला राग नव्हता. थोडा होता.

शेवटी प्रिच आला. तो वाकून बर्फात चाचपडत होता.

"सापडलीस," तो म्हणाला, आणि बोट ओढून घेत ओरडला, "आई गं!"

मी काय करणार? आनंदात जास्तच चावते.

त्यानं मला काखेत मारलं आणि थेट लेनच्या घरी नेलं. दार उघडंच होतं. आत इरीन सोफ्यावर बसली होती, खोकी मागून काढून पुढं घेतलेली. लेन तिच्यासमोर उभा होता, कोटसुद्धा न काढता.

"अगं मालक स्वतः आला खाली. सगळ्यांसमोर म्हणाला, अजून तीन वर्षं. शपथ."

"छान," इरीन म्हणाली. "चिकटपट्टी संपलीय."

"इरीन, खरंच. आपण इथंच राहणार."

"तू आठव्या गावातसुद्धा असाच उभा होतास. ह्याच कोटात."

लेननं हात चाचपले. खिसे बघितले. काहीच नव्हतं हातात. त्याचा चेहरा असा झाला, मित्रांनो, की मैदानात चौदा सेकंद उरले होते तेव्हाही तसा नव्हता.

"कोच," प्रिच दारातून म्हणाला, "हे हवंय का?"

लेननं मला घेतलं. मी चिखलानं बरबटलेली, कड फुटलेली. त्यानं पुसलंसुद्धा नाही. तसंच तोंडापुढं धरलं. ओठ कसे हलत होते ते इरीनला दिसत नव्हतं, प्रिचला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. ते मी कोणाला सांगितलेलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

"खिळा ठोक," तो म्हणाला.

इरीन उठली. तिनं मांस कुटायचा लाकडी हातोडा आणला आणि एक मोठा खिळा, जो तिनं म्हणे तिसऱ्या गावापासून पर्समध्ये ठेवला होता. भिंतीवर तीन घाव घातले. प्रिच लग्नाचा फोटो घेऊन पुढं आला.

"थांब," ती म्हणाली. "आधी ही."

तिनं माझ्या चापात दोरा ओवला. मी तिला चावले नाही. लिहून ठेवा, आयुष्यात एकदाच.

"आता ही इथंच राहणार," ती लेनला म्हणाली. "तुझ्या हातात नाही. उघड्या तोंडानं खरं बोलायला शीक जरा."

"आणि मॅचला काय धरू?"

"टोपी धर."

तेव्हापासून मी त्या खिळ्यावर आहे. शेजारी दुसऱ्या खिळ्यावर लग्नाचा फोटो. लेन काचेची पाटी वापरतो आणि तिच्यावर बोटांचे ठसे पडले म्हणून कुरकुरतो. त्याला खोटं बोलायचं असलं की आधी माझ्याकडं चोरून बघतो. मग खरं तेच बोलतो. परवा म्हणाला, "इरीन, मीठ जास्त झालंय." ती इतकी खूश झाली!

मित्रांनो, तुमच्याही घरात असेल एखादी कड फुगलेली, कोपऱ्यात पडलेली वस्तू. कुठंतरी फावड्याखाली. तिला टाकायच्या आधी एकदा पुसा आणि विचारा, तुझ्यासमोर कोणकोण खरं बोललंय? आणि बोट जरा सांभाळून.